अडीच फूट रिकामी जागा

आमच्या गल्लीतला रविवारचा बाजार सुधारायची कल्पना मला बुधवारी सुचली आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. रविवारी सुचली असती तर निदान बाजार समोर दिसला असता. बुधवारी गल्ली मोकळी होती, आणि मोकळी जागा दिसली की ती मोजल्याशिवाय मला राहवत नाही. पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं मी आरेखक होतो. इंजिनिअर सही करतात, मंत्री फीत कापतात, पण रेघ ओढतो तो आरेखक. मी ओढलेल्या रेघांवरून किती कालवे वाहताहेत हे मी घरी आलेल्या पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत कधीच सांगत नाही. सहाव्या मिनिटाला सांगतो.

तर त्या बुधवारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्र येऊन पडलं. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमची सोसायटी, आणि तिच्या दारातच हा बाजार भरतो. आमचे चेअरमन दीनानाथ सबनीस यांनी महापालिकेच्या कार्यालयात तक्रार केली होती की, बाजारामुळे रस्ता अडतो. त्याला उत्तर आलं होतं: येत्या रविवारनंतरच्या रविवारी, साडेदहा वाजता अधिकारी पाहणी करतील. वाहन जाऊ शकत नाही असं दिसलं, तर बाजार दोन किलोमीटर पुढच्या मैदानावर हलवण्यात येईल. सबनिसांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. तक्रार करूनही नम्र राहणं ही कला त्यांच्याकडून शिकावी.

मी पत्र बायकोला वाचून दाखवलं. प्रेमला मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"दोन किलोमीटर?" ती म्हणाली. "हे गुडघे घेऊन मी काय हेलिकॉप्टरनं जाऊ?"

"ऑनलाइन मागवता येतं सगळं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, आठवड्यातून तेवढंच एक बाहेर पडणं राहिलंय माझं. तुम्ही सरकारी माणूस. काहीतरी करा ना."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. पहिल्या वर्षीच मागून काही मिळत नाही हे कळल्यामुळे प्रेमलानं नंतर माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं. त्यामुळे मी एकदम उभाच राहिलो. कपाटावरून मोजपट्टी काढली आणि गल्लीत उतरलो.

इथे एक कबुली द्यायला हवी. या इमारतीत बावीस वर्षं राहूनही मी रविवारचा बाजार धड पाहिला नव्हता. आमची गॅलरी मागच्या बाजूला उघडते. शिवाय घरात कामाची वाटणी आहे: रविवारी बाजार तिचा आणि पेपर माझा. मी अग्रलेखापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं वाचतो, त्यात दुपार होते.

मोकळ्या गल्लीत मी उत्तम काम केलं. रुंदी अठरा फूट, लांबी एकशे चाळीस, मध्ये एक वळण. रात्री जेवणाआधी कागदावर एकतीस चौकोन तयार होते, सगळे सारखे, समोरासमोर, क्रमांक टाकलेले. इतका सुंदर बाजार पुण्यातच काय, कागदाबाहेर कुठेच नसेल.

मधल्या रविवारी सकाळी आठला मी तो कागद घेऊन बाजारात गेलो आणि हादरलो. पालेभाजीवाल्या सगळ्या एकाच शिरीषाच्या झाडाखाली दाटीवाटीनं बसलेल्या, तर पलीकडे उन्हात नुसते भोपळे ऐसपैस पसरलेले. कांदेवाला वळणाच्या आतल्या बाजूला कोंबलेला. सुके बोंबील पार टोकाला. गल्लीच्या तोंडाशी दादामियाँ म्हणून एक पंचाहत्तरीचे गृहस्थ सायकल स्टँडला लावून पायडल मारत सुऱ्यांना धार लावत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत कर्कश किंचाळीनं होत होतं. पण कळस पुढेच होता. लिंबं-कोथिंबीर विकणाऱ्या नूरबानू आणि लसूणवाली शालू यांच्यामध्ये चक्क अडीच फूट जागा रिकामी होती. तिथे एक उलटा क्रेट ठेवलेला. त्यावर काही नाही. इकडे माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि भर बाजारात अडीच फूट फुकट! सरकारी खात्यात वाढलेल्या माणसाला सगळं सहन होतं, पण जागा वाया गेलेली बघवत नाही.

मी सगळ्यांना गोळा करून परिस्थिती समजावली. अधिकारी येणार, शिस्त दिसली नाही तर बाजार हलणार. जागा चिठ्ठ्या टाकून देऊ, म्हणजे कोणावर अन्याय नको. घरून स्टीलचा डबा आणलाच होता.

 नूरबानूंनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, "साहेब, चिठ्ठीत ऊन पण वाटणार का?"

मी हसलो. मला वाटलं, त्या विनोद करताहेत.

चिठ्ठ्या निघाल्या. दादामियाँना एकतीस नंबर आला, म्हणजे गल्लीचं पार दुसरं टोक. मला बरंच वाटलं, आवाज लांब गेला. दादामियाँनी चिठ्ठी चष्म्यासमोर धरली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "ठीक आहे साहेब. आपण शिकलेले आहात."

हे वाक्य पुढे आठवडाभर मी कौतुक म्हणून वापरलं.

त्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले. चौकोन रस्त्यावर पांढऱ्या रंगानं आखायचे म्हणून कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "रेघ कायमची की तात्पुरती?" मी म्हणालो, "तात्पुरती." "मग आमच्याकडे नाही." मी म्हणालो, "बरं, कायमची." "कायमची देताच येत नाही." मी विचारलं, मग रेघ मिळते कशी? त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्या वर्षांत कोणी मागितलीच नाही." शेवटी दारातल्या शिपायाला माझी दया आली. "साहेब, खेळाच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की मारा. ती पुसली जाते. पुसली म्हणजे मारलीच नव्हती." सदतीस वर्षं नोकरी करून प्रशासनाचं इतकं सोपं स्पष्टीकरण मी ऐकलं नव्हतं.

सल्ल्यांचीही ददात नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची कादंबरी आयटीत आहे. ती जिन्यात म्हणाली, "काका, इट्स सो सिंपल. प्रत्येक स्टॉलला क्यूआर लावा, मग ॲपवर हीटमॅप बघा ना." मी म्हणालो, बघतो. सबनीस म्हणाले, "ओव्हाळ, नकाशात आपल्या गेटसमोर काहीही नको. हवासुद्धा नको." मग त्यांनीच ओळखीच्या मांडववाल्याकडून घडीची एकतीस टेबलं मिळवून दिली. जमिनीवर बसलेला बाजार गबाळा दिसतो आणि टेबलावरचा आधुनिक, यावर आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः वाकून वाकून फक्की मारली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी विचारलं, लग्न कोणाचं आहे?

पाहणीचा रविवार उजाडला. सात वाजता एकतीस टेबलं, एकतीस क्रमांक, ओळी अशा सरळ की माझेच डोळे भरून आले. आठपर्यंत डोळे भरलेलेच होते.

साडेआठला ऊन गल्लीत उतरलं. पालेभाजीवाल्यांची टेबलं उन्हात आणि भोपळे झाडाखाली गारेगार. नऊ वाजता पालक माना टाकू लागला. बोंबीलवालीला चिठ्ठीनं फुलवाल्याचा शेजार मिळाला होता. त्या दिवशी आमच्या गल्लीत बोंबलाच्या वासाचे मोगऱ्याचे गजरे विकायला होते, पण घेतले कोणी नाहीत. टेबलावर चढवलेली टरबुजं गल्लीच्या उतारामुळे एकेक करून खाली निघाली. नूरबानू गल्लीतल्या नळापासून लांब गेल्यानं बादली घेऊन खेपा घालत होत्या. कोणी तक्रार करत नव्हतं. त्यानं जास्त लागतं.

साडेनऊला प्रेमला पिशवी घेऊन खाली आली. गल्लीच्या मध्यापर्यंत गेली, सतरा नंबरच्या टेबलापाशी थांबली. तिथे बटाटे होते. तिनं टेबलाकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि परत फिरली.

"एवढ्यात?" मी विचारलं.

"आज थांबावंसं वाटलं नाही," ती म्हणाली आणि कठड्याला धरून जिना चढू लागली.  मला वाटलं, ऊन लागलं असेल.

बरोबर साडेदहाला अधिकारी आले. दिग्विजय खैरे, तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यांनी ओळी बघितल्या आणि म्हणाले, "वा. सरळ आहे." मी नम्रपणे कालव्यांचा विषय काढणार, इतक्यात आळंदी रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर वळला आणि थेट गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवू लागला.

"हा इकडे कुठे?" मी सबनिसांना विचारलं.

"कुठे म्हणजे? आपल्याकडे! दर रविवारी येतो, कधी पावणेदहाला, कधी साडेदहाला."

"आपल्याला तर नळाला पाणी येतं."

"नळाला टाकीतून येतं, ओव्हाळ. टाकीत टँकरमधून येतं."

पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्या मोरीत पाणी कुठून येतं हे माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर धरणाखाली कोरड होती.

टँकर रुंदीला आठ फुटांच्या वर. माझ्या दोन ओळींमध्ये वाट सहा फुटांची. टेबलं मालानं लादलेली, ती उचलून ठेवायची कुठे हे कोणालाच कळेना. एकानं टेबल डावीकडे ओढलं तर ते दुसऱ्याच्या टेबलात अडकलं. टँकरमागे रिक्षा, त्यामागे टेम्पो, त्यामागे आळंदी रस्ता. भोंगे सुरू झाले. खैऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि खिशातून पेन काढलं. त्या पेनाचं टोपण निघालेलं मला दिसलं. प्रेमला 'काहीतरी करा' म्हणाली होती आणि मी ते केलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून दादामियाँ सायकल ढकलत आले, एकशे चाळीस फुटांवरून.

"साहेब, इजाजत आहे?"

"कसली?"

"माझ्या जागेवर जायची."

मी मान हलवली. ते गल्लीच्या तोंडाशी गेले, टँकरच्या नाकासमोर सायकल स्टँडला लावली, बसले, पायडल मारलं आणि एक जुना सुरा दगडाला टेकवला. लांबच लांब किंचाळी. एकदा, दोनदा, तीनदा.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला काही सांगितलं नाही. एकतीसच्या एकतीस माणसं एकाच वेळी उठली. टेबलांवरचा माल खालच्या गोणपाटांवर आला, टेबलं मिटली आणि हातोहात भिंतीकडे गेली. मग प्रत्येक जण आपापल्या जुन्या जागी गेला. आधी जागेवर आणि मग मागे, कारण स्वतःच्या जागेवरून किती आणि कुठे सरकायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या चौकोनातून ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पालेभाजीवाल्यांनी गोणपाटाची चार टोकं धरली आणि अख्खी मेथी-पालकाची रांग झाडाच्या बुंध्याला टेकली. भोपळे गडगडत गल्लीच्या कडेच्या कठड्याखाली गेले. कांदेवाला तेवढा हलला नाही. वळणाच्या आतल्या बाजूला तो जिथे बसतो तिथे टँकरचं चाक येतच नाही. टँकर पुढे निघाला. एका हातानं आरसा मिटत, दुसऱ्यानं स्टिअरिंग फिरवत ड्रायव्हर निवांत गात होता. शालूनं चाकासमोर राहिलेला लसणाचा एकच गड्डा पायानं मागे ओढला. टँकर आमच्या गेटातून आत गेला, एक छोटी किंचाळी ऐकू आली, आणि बाजार पुन्हा पहिल्यासारखा पसरला. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

मी आ वासून उभा होतो. माझी फक्की सगळ्यांच्या पायांनी पुसली गेली होती. म्हणजे मारलीच नव्हती.

खैऱ्यांच्या हातात पेन तसंच उघडं होतं. "हे कोणी बसवलं?" त्यांनी विचारलं.

दादामियाँनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ओव्हाळसाहेबांनी. शिकलेले आहेत."

मला क्षणभर मोह झाला. खोटं कशाला बोलू, दोन क्षण झाला. पण नूरबानू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "नाही साहेब. मी बसवलं होतं ते तुम्ही आधी बघितलंत. हे यांचं आहे."

खैरे विचारात पडले. "रस्ता मोकळा होतो हे मी डोळ्यांनी बघितलं. पण डोळे फाइलला लावता येत नाहीत. पुढच्या सोमवारी मला नकाशा द्या. आत्ता झालं तसा, जागेसकट. तो दिलात तर बाजार इथेच राहील."

पुढच्या रविवारी पहाटे सहाला मी बोर्ड आणि पेन्सिल घेऊन दादामियाँच्या शेजारी स्टुलावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की, नकाशा आधीच तयार होता आणि मला फक्त बघायचं होतं. झाडाची सावली सात वाजता जिथे असते तिथे पालक; सावली सरकते तशी ती रांग वीत-वीत सरकते, अकरापर्यंत. भोपळ्याला ऊन चालतं, म्हणून तो उन्हात. बोंबील त्या टोकाला, कारण वारा तिकडून बाहेर जातो. नूरबानू नळापाशी, कारण कोथिंबीर तहानलेली असते. दादामियाँ तोंडाशी, कारण आळंदी रस्त्यावरचा टँकर फक्त तिथूनच दिसतो. मी ज्याला गोंगाट समजून टोकाला पाठवलं होतं, ते या बाजाराचे कान आणि डोळे होते.

"हे सगळं ठरवलं कोणी?" मी विचारलं.

"कोणी नाही," दादामियाँ म्हणाले. "बसता बसता बसलं."

मी किती धरणांचे नकाशे काढलेत. खरं सांगतो, एकाही धरणासमोर माझी छाती अशी भरून आली नव्हती. लाज वाटत होती आणि आनंद होत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि पेन्सिल हलत होती. एका कागदात तो बाजार मावेना. सातचा वेगळा, नऊचा वेगळा, टँकरचा वेगळा, असे तीन नकाशे झाले.

तीनही नकाशांत एका गोष्टीचं उत्तर मिळेना. नूरबानू आणि शालूमधली ती अडीच फूट. ना सावलीचा संबंध, ना नळाचा, ना चाकाचा. माझ्या योजनेत तिथेच सतरा नंबर आला होता. मी उठून नूरबानूंकडे गेलो. "या जागेचं कारण काय?"

"थांबा," त्या म्हणाल्या. "येईलच."

साडेनऊला प्रेमला आली. पिशवी नूरबानूंच्या हातात दिली, शालूच्या खांद्यावर हात टेकला आणि हळूच त्या उलट्या क्रेटवर बसली. पाय लांब केले. मग तिला मी दिसलो.

"अगं बाई! तुम्ही इथे काय करताय?"

मी क्रेटकडे बोट दाखवलं. शालूनंच सांगितलं, "दोन वर्षं झाली की साहेब. ताईंचा गुडघा धरला तवापासून. आमी दोघी थोड्या थोड्या सरकलो. जिना चढायच्या आदी अर्धा तास बसत्यात. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

मला ठावं नव्हतं. अर्धा तास उशीर का होतो हे दोन वर्षांत मी विचारलंच नव्हतं. पेपर चालू असायचा. आणि गेल्या रविवारी मी तिच्या जागेवर बटाटे बसवले होते. ती तिथे उभी राहून परत फिरली, कठड्याला धरून जिना चढली आणि मला एका शब्दानं बोलली नाही.

मी तिथेच उभ्यानं नकाशावर त्या अडीच फुटांत बारीक अक्षरात 'राखीव' असं लिहिलं. सोमवारी खैऱ्यांनी विचारलं, "कोणासाठी?" मी म्हणालो, "या बाजारासाठी ज्यांनी पहिला अर्ज केला, त्यांच्यासाठी." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. बाजार राहिला. सबनिसांनी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं. या वेळी त्यांच्या टाकीतल्या पाण्याला स्मरून टाकलं असावं.

हल्ली रविवारी पेपर मी दुपारी वाचतो. साडेनऊला प्रेमलाबरोबर खाली उतरतो आणि क्रेटच्या मागे कठड्याला टेकून उभा राहतो. गल्लीच्या तोंडाशी तीन किंचाळ्या झाल्या की तिनं माझा खांदा धरून उठायचं आणि मी क्रेट उचलून भिंतीला लावायचा. आधी हे काम शालूकडे होतं. तिनं दोन रविवार माझ्याकडून सराव करून घेतला, मगच सोपवलं. सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळालेलं हे पद लहान आहे, पण सांगायला हरकत नाही, अजून एकदाही टँकर माझ्यामुळे थांबलेला नाही.